पुरी रथयात्रेचं ‘व्हीआयपी बाल्कनी’ पॅकेज घेताय? थांबा जरा, आमचं काय झालं ते वाचा

आधीच सांगतो, कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण पैसे परत द्यायचं बोलणं अजून चालू आहे आणि उगाच तोंड वाईट करायचं नाही. पण मे महिना संपत आला की अशी पॅकेजं पैशाला पासरी फिरायला लागतात, सगळ्यांची भाषा एकच, फोटोपण तेच चार, त्यामुळे नावाशिवायही हे कुणाच्यातरी उपयोगी पडेल असं वाटतंय.

२०२५ ची रथयात्रा, २७ जून, शुक्रवार. आम्ही तिघं सोलापूरहून गेलो, मी, आई (वय ६८, डावा गुडघा कायम कुरकुरतो) आणि मावशी (वय ६३, गुडघे ठणठणीत, तोंड त्याहून ठणठणीत). आईच्या डोक्यात हे २०२० पासून होतं. त्या वर्षी कोरोनामुळे सुप्रीम कोर्टाने अगदी शेवटच्या क्षणी परवानगी दिली आणि भाविकांशिवाय रथ निघाले, ते तिने टीव्हीवर बघितलं, तो एवढा मोठा मोकळा रस्ता आणि त्यावर ते तीन रथ, तेव्हापासून दर आषाढात एकदा तरी विषय निघायचा. शेवटी म्हटलं चला, आणि गुडघा बघून बाल्कनीवालं पॅकेज घेतलं.

पॅकेज असं: भुवनेश्वर ते भुवनेश्वर, ३ रात्री, माणशी साडेअठरा हजार, रेल्वेचं तिकीट आपलं आपण. त्यातले साडेचार हजार नुसते बाल्कनीचे. ब्रोशरमध्ये लिहिलेलं, ‘तिन्ही रथ आपल्या डोळ्यांसमोरून जाताना बघा, एसी हॉल, श्रीमंदिराचा महाप्रसाद, मराठी गाइड’. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे एकेक शब्द सुटत जाणार आहे.

जाताना कोणार्क एक्सप्रेस, सोलापूरला रात्री बसायचं आणि दोन रात्री गाडीतच. शेंगाचटणी, कडक भाकरी, दही, मावशीने आणलेले धपाटे, त्यामुळे पँट्रीवाल्याला आमच्याकडून दोन दिवसांत फक्त चहाचे पैसे मिळाले. २६ ला पहाटे भुवनेश्वरला उतरलो तर गाडी हजर, ड्रायव्हर हजर, पाण्याच्या बाटल्या हजर. हे चांगलं होतं, मान्य करायलाच पाहिजे, पुरीपर्यंतचे साठ किलोमीटर त्याने व्यवस्थित नेलं, रस्त्यात खंडणीसारखं कुठल्या दुकानात थांबवलं नाही.

हॉटेल समुद्राच्या बाजूला. ‘सी व्ह्यू’ म्हणजे दोन पाण्याच्या टाक्यांच्या मधून एक निळी पट्टी. चादरी स्वच्छ, बाथरूम बरं, तक्रार नाही. तक्रार ही की हॉटेल मंदिरापासून तीन किलोमीटर लांब आणि रथाच्या दिवशी मधले रस्ते गाड्यांना बंद असतात हे बुकिंग करताना कुणी सांगितलं नाही. अडुसष्ट वर्षांच्या बाईसाठी सीट घेतोय असं मी फोनवर तीनदा बोललो होतो. समोरचा प्रत्येक वेळी म्हणाला, सर डोन्ट वरी.

आता जे पैसे वसूल झाले ते सांगतो, आणि ते पॅकेजमध्ये नव्हतंच. २६ ला दुपारी ग्रुपला कोणार्कला नेलं, आम्ही नाही गेलो, आईला म्हटलं तू झोप आणि संध्याकाळी सायकलरिक्षा करून तिघं मंदिराकडे गेलो. रथयात्रेच्या आदल्या दिवशी तिन्ही रथ सिंहद्वारासमोर, म्हणजे देवळाच्या मुख्य दरवाजासमोर, आणून उभे करतात. त्या दिवशी त्यांच्या जवळ जाता येतं, म्हणजे गर्दी आहेच, पण ती बघणारी गर्दी आहे, ढकलणारी नाही. मी फोटो शेकडो बघितले होते पण चाक माझ्या डोक्याच्या वर जातं हे फोटोत कळत नाही हो. जगन्नाथाचा नंदीघोष, १६ चाकं, उंची साधारण ४५ फूट, लाल-पिवळं कापड. मोठ्या भावाचा, बलभद्राचा तालध्वज, १४ चाकं, लाल-हिरवा. बहिणीचा, सुभद्रेचा दर्पदलन, १२ चाकं, लाल-काळा, आणि सुदर्शन चक्र तिच्यासोबत तिच्याच रथात. मावशीने सगळी चाकं बोटांवर मोजली आणि बेरीज सांगितली, बेचाळीस. रिक्षावाला लगेच म्हणाला की इथला उन्हाळ्यातला उत्सव, चंदनयात्रा, तीपण बेचाळीस दिवसांचीच असते, आणि मावशीला असा आनंद झाला की जणू तिनेच शोध लावला.

एक कारागीर चाकाच्या आसाजवळ पाचर ठोकत होता. लाकडाचीच पाचर, लाकडाच्याच मोगरीने, दोन ठोके मारायचा, कान लावल्यासारखा वाकायचा, परत एक ठोका. मागून एक पोलीस ओरडतोय, समोरून बाया चाकाला हात लावून कपाळाला लावतायत, हा आपला त्याच्या नादात. ओल्या लाकडाचा आणि ताज्या रंगाचा वास त्या दमट हवेत असा भरून राहिलेला की आई म्हणाली नवं घर बांधताना असा वास येतो. आणि खरंच नवं घरच ते, दरवर्षी नवं. अक्षय्य तृतीयेला कामाला हात घालतात (२०२५ ला ३० एप्रिल होती), फासी, धौरा, आसन असली जंगलातली लाकडं येतात, महारणा सुतार पिढीजात माप हातात घेऊन बसतात, नकाशा वगैरे काही नाही. एकट्या नंदीघोषाला ८३२ तुकडे. दोन महिने खपायचं आणि नऊ-दहा दिवसांत काम संपलं की रथ मोडायचे, लाकूड बरंचसं देवळाच्या स्वयंपाकघरात चुलीत जातं. आमच्या सोलापुरात मार्कंडेयाचा रथ निघतो, गड्ड्याला सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज निघतात, ते आपण वर्षानुवर्षं जपून ठेवतो, तेल लावतो. इथं जपायची वस्तू लाकूड नाही, हात आहे. तो पाचरवाला माणूस बघितल्यावर मला हे कळलं, गाइडने सांगितलं नसतंच, कारण गाइड तेव्हा कोणार्कला होता आणि त्याचीही ही पहिलीच पुरी होती असं नंतर उघडकीला आलं.

तो ‘मराठी गाइड’ म्हणजे एक गोड पोरगा, मराठी बोलायचा हे खरं, पण माहिती मोबाईलवरून वाचून दाखवायचा. त्याने बसमध्ये माइकवर सांगितलं की जगन्नाथ नऊ दिवस मावशीच्या घरी म्हणजे गुंडिचा मंदिरात जातो. आमची मावशी खूश. रिक्षावाल्याने संध्याकाळी दुरुस्ती केली की मौसीमाँचं देऊळ वेगळं, ते वाटेत बड दांडावर, म्हणजे रथ जातात त्या मोठ्या रस्त्यावर, लागतं, परतीच्या प्रवासात जगन्नाथाचा रथ तिथं थांबतो आणि त्याला पोडपिठा खायला मिळतो, म्हणजे तांदूळ-उडीद-गूळ-खोबऱ्याचा भाजलेला केक म्हणा. गुंडिचा मंदिर हे रथ जिथं मुक्कामाला जातात ते, इंद्रद्युम्न राजाच्या राणीच्या नावाचं. लोक बोलताना दोन्ही एकच करतात, पण पैसे घेऊन माहिती देणाऱ्याने तरी करू नये. बाय द वे, बायकोला म्हणजे लक्ष्मीला देव घरीच ठेवून जातो, मग ती पाचव्या दिवशी, हेरा पंचमीला, तणतणत गुंडिचाला जाते आणि रागाने त्याच्या रथाचा एक तुकडा मोडून येते. हे ऐकून मावशी म्हणाली, “तिकडं पंढरपुरात रुक्मिणी रुसून दिंडीरवनात जाऊन बसली, हितं ही. देव कुठलाबी असू दे, बायकोला सांगून जायची पद्धत न्हाई.” रिक्षावाल्याला हिंदीत भाषांतर करून सांगितलं तर तो हसून हसून सायकलवरून पडायचा बाकी होता.

आता २७ तारीख. सकाळी साडेसहाला निघायचं फर्मान. बॅरिकेडपर्यंत ई-रिक्षा आणि तिथून दीड किलोमीटर पायी, आईचा गुडघा, वर जूनचं ऊन आणि समुद्राची चिकचिक. पोचेपर्यंत आईचा चेहरा लालबुंद. बाल्कनी मरीचीकोट चौकाच्या थोडं पुढे, दुसऱ्या मजल्यावर. जागा पंचवीस माणसांची, आम्ही किती, मी मोजले, अठ्ठावन्न, कारण तीन वेगवेगळ्या कंपन्यांनी तीच बाल्कनी विकली होती. पुढची रांग ‘प्लॅटिनम’, तिचे वेगळे पैसे, हे तिथं गेल्यावर कळलं. आमच्या आणि रस्त्याच्या मधे एक विजेचा खांब आणि कुठल्यातरी सिमेंटचा फ्लेक्स. एसी हॉल होता, म्हणजे हॉल होता आणि भिंतीला एसी होता. टॉयलेट एक, अठ्ठावन्न माणसांत एक, त्याच्याबाहेरची रांग हीच दिवसभरातली सगळ्यात शिस्तीची रांग.

पण खोटं कशाला बोलू, सावली होती, बसायला खुर्ची होती, पाणी होतं, आणि खाली रस्त्यावर लोकांचं जे होत होतं ते बघता आईसाठी तेवढ्याचीसुद्धा किंमत होती. अग्निशमनवाले पाइपने गर्दीवर पाणी उडवत होते आणि लोक हात वर करून नाचत होते. मधेच एक अँब्युलन्स आली, मला वाटलं आता ही अडकली, तर स्वयंसेवक पोरांनी हाताला हात धरून साखळी केली आणि त्या खच्चून भरलेल्या रस्त्यात भांग पाडल्यासारखी वाट झाली, अँब्युलन्स गेली आणि वाट परत मिटली. हे वरूनच दिसतं. बाल्कनीला एवढा एक मार्क.

पहंडी आम्ही टीव्हीवर बघितली. देवळापासून चालत पाच-सात मिनिटांच्या अंतरावर बसून टीव्हीवर. हॉलमध्ये दूरदर्शन लावलेलं. देवांना धरून, झुलवत झुलवत, पुढे-मागे डोलवत रथापर्यंत आणतात त्याला पहंडी म्हणतात, आधी सुदर्शन, मग बलभद्र, मग सुभद्रा, शेवटी जगन्नाथ, डोक्यावर फुलांचा तो भलाथोरला टाहिया, पावलागणिक मागे-पुढे हलणारा. ऐकू मात्र दोनदा येत होतं, एकदा टीव्हीतून आणि एकदा खिडकीतून, काशाच्या घंटांचा ठणठणाट आणि बायकांची हुलहुली (जीभ हलवून काढतात तो मंगल आवाज), टीव्हीतला आवाज थोडा उशिरा यायचा. आईने डोळे मिटून घेतले आणि खिडकीकडे कान केला. छेरा पहरापण तसाच, पुरीचे गजपती महाराज दिव्यसिंह देव पालखीतून येतात आणि सोन्याच्या मुठीच्या झाडूने तिन्ही रथांवर झाडलोट करतात, चंदनाचं पाणी शिंपडतात. राजाने झाडू मारायचा, वर्षातून एकदा, सगळ्यांसमोर. हॉलमधल्या एका काकांनी जोरात विचारलं, “हे आपल्याकडच्या आमदारांना दाखवता येईल का?” आणि खसखस पिकली.

जेवणाचं ऐका. बाराच्या सुमारास मातीच्या कुडव्यातून भात, डालमा (भाज्या घातलेलं वरण), एक गोड भाजी आणि खीर आली, चव खरंच छान, पोरगा म्हणाला श्रीमंदिराचा महाप्रसाद, सगळ्यांनी हात जोडून खाल्ला. मला आदल्या दिवशीचा रिक्षावाला आठवला. स्नानपौर्णिमेला देवांना १०८ घडे पाण्याने अंघोळ घालतात, त्याने त्यांना ताप येतो, मग पंधरा दिवस अणसर, देव आजारी, दैतापती सेवेकरी त्यांना काढे देतात, त्या काळात फळं-सरबत असाच नैवेद्य. मग रथयात्रेला देव बाहेरच पडले. देवळाच्या आवारातल्या आनंदबाजारातला नेहमीचा महाप्रसाद या दिवसांत मिळत नाही, तो पुढे देव गुंडिचाच्या आडप मंडपात बसले की तिकडे मिळतो, त्याला आडप अभडा म्हणतात. मग २७ जूनच्या दुपारी आमच्या ताटात श्रीमंदिराचा महाप्रसाद आला कुठून? विचारलं तर पोरगा म्हणाला सर मला किचनमधून दिला. भात चांगला होता, डालमा चांगला होता, डालमा म्हणून दिला असता तर मी पाच स्टार दिले असते. महाप्रसाद म्हणून विकायला नको होता. आईला मी हे अजून सांगितलेलं नाही.

चारच्या सुमाराला रथ ओढायला सुरुवात झाली. आधी बलभद्राचा तालध्वज, नंतर दर्पदलन, जगन्नाथ शेवटी, हा क्रम ठरलेला. खांब आणि फ्लेक्सच्या मधल्या फटीतून तालध्वज आला. रथ असा सरळ चालत येत नाही, सुकाणू नाही, ब्रेक नाही, चार दोर आणि हजारो माणसं, त्यामुळे एक हिसका, दहा-वीस पावलं, थांबला, चाकाखाली लाकडं सारली, रथावरचा आरोळीवाला, डाहुक, पुढे उभा राहून काठी नाचवत काहीतरी ओरडतो, घंटावाले परत ठणाठण, परत हिसका. रथ हलतो तेव्हा कळस आधी मागे झुकल्यासारखा होतो आणि मग सगळं एकदम पुढे. मावशी खुर्चीवर उभी. मागून दर्पदलनपण आला, गेला. आणि मग काहीच नाही.

खालून निरोप वर यायला लागले, तालध्वज पुढे बलगंडीकडे वळणावर अटकलाय, गर्दी फार झालीय. सूर्य कलायला लागला. आता नियम असा आहे की सूर्य मावळला की रथ ओढत नाहीत, जिथं असेल तिथं रात्रभर उभा राहतो. जगन्नाथाचा रथ सिंहद्वारापासून जेमतेम काही पावलं हलला आणि थांबला. आम्ही ज्याच्यासाठी दीड हजार किलोमीटर आलो तो आमच्या बाल्कनीपासून हाकेच्या अंतरावर उभा, आणि आमच्यापर्यंत आलाच नाही. रात्री आठला पोराने घोषणा केली, बाल्कनीचे पास आजचेच, उद्या शेड्यूलप्रमाणे चिलिका, सातपाड्याला डॉल्फिन.

माझी खरी तक्रार इथं आहे. रथ थांबला यात कंपनीची चूक नाही, तो कुणाच्या बापाचा नोकर नाही. पण हे काही विजेसारखं आभाळातून पडलं नाही ना. २०२४ ला तर अणसर संपतानाचे नेत्रोत्सव, नवयौवन दर्शन हे विधी आणि रथयात्रा एकाच दिवशी आल्यामुळे रथ दोन दिवस ओढले होते, सगळ्या देशाने बघितलं. सूर्यास्ताचा नियम पुरीतलं शेंबडं पोर सांगेल. मग ‘तिन्ही रथ डोळ्यांसमोरून’ असं छापून एका दिवसाचा पास कसा काय विकता? दुसऱ्या दिवशी रिकामी बाल्कनी त्यांनी परत नव्या लोकांना विकली, हेही आम्ही खालून जाताना डोळ्यांनी बघितलं, आमच्या खुर्च्यांवर दुसरीच माणसं. त्यांना दिसला असणार जगन्नाथ, फटीतून का होईना.

२८ ला सकाळी ग्रुपमधले चौदा जण चिलिकाला गेले. पोरगा आईला समजावत होता की काकू डॉल्फिन खूप छान दिसतात. आई म्हणाली, “मी रथ बघायला आलेय बाबा, मासे न्हाई,” आणि चप्पल घालून निघाली. गुडघेपट्टी बांधली, ओआरएसच्या दोन बाटल्या घेतल्या, मोबाईल मावशीने पोलक्यात खोवला आणि आम्ही गल्ल्यागल्ल्यांतून बड दांडाला लागलो. सिंहद्वाराकडे गेलोच नाही, उलट पुढे, मौसीमाँच्या देवळाच्याही पुढे, जिथं रस्ता रुंद आहे आणि पळायला जागा आहे. एका दुकानाच्या पायरीवर दुकानदारीणबाईंनी आईला बसायला पोतं टाकून दिलं, पैसे विचारले तर हात हलवला.

कालच्यापेक्षा गर्दी कमी वाटली, का सवय झाली माहीत नाही. दहाच्या सुमाराला ओढायला सुरुवात झाल्याचं कळलं. एक-एक करत आले. तालध्वज गेला, काळे घोडे, दर्पदलन गेला, लाल घोडे, आणि मग बराच वेळ नुसता आवाज, रथ दिसत नाही, फक्त लोकांचे हात वर जातायत आणि ते वर जाणं आपल्या दिशेने सरकतंय. मग पिवळं शिखर दिसलं. पांढरे घोडे. आणि आत, अंधारात, ते दोन गोल डोळे. फोटोत ते चित्रासारखे वाटतात, इथं रथ हिसका घेतो तेव्हा ते डोळे पण हलतात आणि बघणाऱ्याला वाटतं आपल्याकडे वळले. नास्तिक माणसालाही वाटेल, मी अर्धा नास्तिक आहे, मला वाटलं. रथ आमच्यासमोर आला आणि थांबला. किती वेळ, तीन मिनिटं, चार मिनिटं, सांगता येत नाही. कुणीतरी म्हणालं सालबेगसाठी थांबतो तसा थांबला, पण ती सालबेगची समाधी मागेच गेली होती. (सालबेग हा मुसलमान बापाचा पोर, जगन्नाथाचा भक्त कवी, सतराव्या शतकातला, त्याच्या समाधीपाशी रथ दरवर्षी थांबतो. मंदिरात अहिंदूला आत सोडत नाहीत, पण रथावरचा देव सगळ्यांचा. चोखोबांची समाधी नामदेव पायरीजवळ का आहे ते आपल्याला माहीत आहे, त्यामुळे जास्त समजावून सांगायला नको.)

दोराला हात लावायची आईची इच्छा होती. तो काथ्याचा दोर, माझ्या मनगटाच्या दुप्पट जाड. पोलिसांचं कडं होतं, मी नाही म्हटलं, त्या हिसक्यात कुणी पडलं तर संपलं. रथ पुढे गेल्यावर बाया रस्त्यावर वाकून काहीतरी वेचत होत्या, चाकाखालची माती आणि दोराचे सुटलेले धागे. एका उडिया आजीने मुठीत चार धागे धरलेले, आईकडे बघितलं, दोन दिले. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आईने ते धागे हळदीकुंकवाच्या डबीत ठेवले, आता देव्हाऱ्यात आहेत. दुपारी एकच्या पुढे नंदीघोष गुंडिचाला पोचला असं कळलं, तोवर आम्ही एका टपरीत खाजा खात होतो. खाजा म्हणजे आपल्या चिरोट्याचा थोरला भाऊ, दोन किलो घेतला, सोलापुरात पोचेपर्यंत दीड राहिला.

त्याच संध्याकाळी भुवनेश्वरला मुक्काम. २९ ला सकाळी सातपासून फोन सुरू, सोलापूरहून, पुण्याहून, सुखरूप आहात ना. तोपर्यंत आम्हाला काही माहीतच नव्हतं. पहाटे गुंडिचा मंदिरासमोर चेंगराचेंगरी होऊन तिघांचा जीव गेला होता, कितीतरी जखमी. आदल्या दुपारी आम्ही त्याच रस्त्यावर पुढेमागे होतो. आई बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली ती धागे देणारी म्हातारी घरी पोचली असेल ना. लिंगराजाच्या देवळात जायचं ठरलं होतं, गेलो, पण तिथं कुणाचं मन नव्हतं. म्हणून गर्दीचं मी हलक्यात लिहितोय असं समजू नका. लहान पोरं आणि फार म्हातारी माणसं घेऊन त्या गर्दीच्या आत शिरूच नका, कडेला राहा, मागे गल्ली मोकळी असेल अशी जागा धरा.

मार्क द्यायचे तर गाडी आणि ड्रायव्हर, पाचपैकी पाच. हॉटेल तीन, लांब नसतं तर चार. जेवण चवीला चार, पण नाव खोटं म्हणून एक. गाइडला मार्क नको, त्याला सुट्टी द्या आणि आधी एकदा रथयात्रा बघू द्या. बाल्कनी दोन, तेही सावलीचे आणि अँब्युलन्सच्या त्या वाटेचे. साडेचार हजारात बाल्कनीपेक्षा बड दांडाच्या मागच्या एखाद्या गल्लीत दोन रात्री साधी खोली मिळाली तर ती घ्या, आधीपासून बोलून ठेवा, आणि हातात एक दिवस जास्तीचा ठेवा. इथं सीट विकत घ्यायची नसते, दिवस विकत घ्यायचे असतात. आणि आदल्या संध्याकाळी रथ बघायला जा म्हणजे जाच. नेटवर्क दुपारी पार झोपतं, कुठं भेटायचं ते तोंडी ठरवून ठेवा. चपला जुन्या घाला.

पैसे परतीचं बोलणं असं चाललंय. मी बाल्कनीचे तिघांचे साडेतेरा हजार मागितले. पहिल्यांदा म्हणाले नॉन रिफंडेबल. मग ती दुसऱ्या दिवशीची आमच्या खुर्च्यांवरची माणसं, त्यांचा मी काढलेला फोटो पाठवला. मग दोन दिवस गप्प. आता नवीन ऑफर आलीय, पैसे नाही, पुढच्या वर्षी ‘सुना बेश’ पॅकेजवर तिघांना पन्नास टक्के सूट. सुना बेश म्हणजे देव परत येऊन सिंहद्वारासमोर रथातच असतात तेव्हा त्यांना सोन्याचे दागिने घालतात, सोन्याचे हात, सोन्याचे पाय, बघण्यासारखं असतं म्हणतात. मला मोह झाला. आईला विचारलं, जायचं का? ती म्हणाली तारीख काय. मी बघितली, आषाढ शुद्ध एकादशी.

आईने माझ्याकडे असं बघितलं की मी मोबाईल खिशात ठेवला. “एकादशीला पंढरपूर सोडून पुरीला? त्याला म्हणावं पैसेच दे.”

तेच लिहून पाठवलंय. उत्तर आलं की सांगतो.